भातुकलीच्या शेजारी एक मोटार

आज एका खेळण्याविषयी बोलायचं आहे, आणि ते खेळणं घरात कुणाच्या हाती जातं त्याविषयी.

हे खेळणं म्हणजे मोटारगाडी. पण ती तयार मिळत नाही. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते आपण जोडायचे. माझ्या भावाने असं एक खोकं पुण्याहून मुलासाठी आणलं. मुलाने दोन दिवसांत हात झटकले. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी काम आवरलं की माझी भाची आणि मी ते घेऊन बसायचो. दीड महिन्यात गाडी उभी राहिली.

ती होती जग्वार ई-टाइप, इंग्लंडची जुनी नामांकित स्पोर्ट्स कार. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. खरी गाडी साधारण ४.४५ मीटर लांब. आमचा नमुना एक अष्टमांश मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीचे ८ इंच तिथे नमुन्याचा १ इंच. त्यामुळे तो भरला जवळजवळ ५६ सेंटिमीटर. दोन पोळपाट शेजारी ठेवा, तेवढा.

मापाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. भातुकली म्हणजे काय? आपल्या स्वयंपाकघराचा लहान नमुनाच की. फरक एवढाच, की पोरीला आपण चूल-भांडी देतो आणि पोराला गाडी.

ब्लाउज शिवणारीला हे काम चटकन कळेल. डहाळीला चिंचा लटकाव्यात तसे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला लागलेले असतात. प्रत्येकाला नंबर असतो. कागदावरचं चित्र बघायचं आणि लागेल तेवढाच भाग कापायचा; सगळे एकदम कापले तर कुठला कुठे जायचा ते कळत नाही. साच्याचं तेल जावं म्हणून भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे. कापताना थोडं बाहेरून कापायचं आणि उरलेलं टोक पॉलिश पेपरने घासायचं.

मग कच्चा दोरा. म्हणजे गोंद न लावता भाग बसवून बघायचे. हे फार महत्त्वाचं, कारण या कामाचा खास गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. शिवण उसवता येते, हा जोड उसवत नाही. त्याची वाफ बरी नव्हे, ती पेटही घेते. दार-खिडकी उघडी ठेवा, चुलीजवळ बसू नका, लहान लेकरांच्या हाती गोंद देऊ नका. रंग पातळ द्यायचा, एक हात वाळला की दुसरा.

गाडी आतून बाहेर बांधली जाते. आधी सहा सिलिंडरचं इंजिन, मग सांगाडा, चाकं, आसनं आणि शेवटी वरचा पत्रा. या गाडीचं बॉनेट अख्खं पुढे उघडतं. इंजिन बसवताना भाची म्हणाली, "आत्या, आपल्या ट्रॅक्टरचं पण असंच असतं का?" मी म्हटलं, दट्ट्या वरखाली होतो आणि दांडा फिरतो, हे दोन्हीकडे सारखंच. पण या पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीसाठी प्लग असतो. डिझेलच्या ट्रॅक्टरला तो लागत नाही. हवा दाबून इतकी तापते की तिच्यात डिझेल पडताच पेटतं. दुसऱ्या दिवशी ती ट्रॅक्टरचं इंजिन बघायला वाकली, तेव्हा घरातल्या कुणीतरी म्हटलंच, "पोरीला काय करायचंय त्यात?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर आपणच द्यायचं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकल्या आणि रेल्वेचं इंजिन चालवू लागल्या. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, फिटर हे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. पण पाना कधी हातातच घेतला नसेल, तर अर्ज भरताना पोर बिचकणारच.

असं खोकं महाग पडतं, त्यामागे लागायची गरज नाही. पुण्यात आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर ते नमुने उभे करत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या बीडला बैलगाडी तर दारातच आहे. टेप घ्या, मोजा आणि ८ ने भागा. चाक ६० इंच असेल तर नमुन्याचं साडेसात इंच. जुना पुठ्ठा, काड्या, घरची खळ एवढं पुरे. गटाच्या पुढच्या बैठकीला पोरींना घेऊन या, मोजायचं काम त्यांना द्या. पोरंही बसू देत, त्यांनी खळ शिजवावी.