इंग्रजी क्रियापदाचं शेपूट

नेहमी आपण इथे बचतीचा आणि हप्त्यांचा हिशेब बोलतो. आज थोडा शब्दांचा हिशेब करू. पण हा हिशेबही शेवटी पैशापर्यंत जातो, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

दवाखान्यात आपण चेकअप करतो. भाजी पिकअपमधून बाजाराला पाठवतो. बँकेत पे-इन स्लिप भरतो, मोबाईलवर लॉग इन करतो. या सगळ्या शब्दांची बांधणी एकच आहे. पुढे क्रियापद, आणि त्याच्या मागे एक छोटा शब्द. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, बॅक. आपण त्याला क्रियापदाचं शेपूट म्हणू. अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, इन म्हणजे आत, आउट म्हणजे बाहेर. पण क्रियापदाला जोडल्यावर हे शब्द दर वेळी दिशाच दाखवतात असं नाही.

यात अवघड वाटण्यासारखं काही नाही, कारण आपण मराठीतही तेच करतो. 'कर्ज फेडून टाक' म्हणताना आपण काही फेकत नाही. 'टाक' जोडला की काम पुरतं संपवायचं, एवढं कळतं. 'खाऊन टाक' याला इंग्रजीत 'ईट अप' म्हणतात. त्यात वर काहीच जात नाही. 'शोधून काढ' म्हणजे 'फाइंड आउट'. आणि 'फेडून टाक' म्हणजे 'पे ऑफ'.

आता एकाच 'पे' या शब्दाला वेगवेगळी शेपटं लावून पाहा. 'पे' म्हणजे पैसे देणं. 'पे इन' म्हणजे खात्यात भरणं. 'पे बॅक' म्हणजे घेतलेले परत करणं. 'पे ऑफ' म्हणजे पूर्ण फेडून खातं मिटवणं. महिन्याचा हप्ता दिला म्हणजे 'पे' झालं. शेवटचा हप्ता देऊन बाकी शून्य झाली, तेव्हा 'पे ऑफ' झालं.

असाच एक शब्द आहे 'राइट ऑफ'. राइट म्हणजे लिहिणं. 'तुझं कर्ज राइट ऑफ झालं' असं कुणी सांगितलं, तर ते माफ झालं असं समजू नका. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबासाठी ते कर्ज वहीतून बाजूला काढलं. कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि बँक वसुली चालू ठेवू शकते. शिवाय सिबिलच्या अहवालात तशी नोंद दिसते आणि पुढचं कर्ज मिळायला जड जातं. कर्जमाफी वेगळी, तिला इंग्रजीत 'वेव्हर' म्हणतात. आपल्या राज्यात २०१७ आणि २०१९ साली सरकारने शेतकऱ्यांसाठी जाहीर केली होती, ती माफी. म्हणून राइट ऑफ हा शब्द कानावर आला, तर बँकेत जाऊन विचारा, 'माझ्या खात्यावर आज किती बाकी आहे, लेखी द्या.' आणि कर्ज पुरतं फिटलं की 'नो ड्यूज' दाखला मागून घ्या.

आता वाक्य कसं बनतं ते पाहू. पंखा बंद कर, हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी सांगता येतं. 'स्विच ऑफ द फॅन' किंवा 'स्विच द फॅन ऑफ'. दोन्ही बरोबर. पण पंख्याचं नाव न घेता 'तो बंद कर' म्हणायचं असेल, तर एकच तऱ्हा आहे, 'स्विच इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' म्हणत नाहीत.

लक्षात ठेवायला सोपी खूण सांगते. नवरा-बायको मोटारसायकलवर निघाले की लहान लेकरू मध्ये बसतं. मोठं माणूस मध्ये बसेल किंवा मागे बसेल. तसंच इट, देम, मी, यू, हिम, हर, अस ही सर्वनामं म्हणजे लहान लेकरं. ती क्रियापद आणि शेपूट यांच्या मध्येच बसतात. 'फिल इट इन', म्हणजे तो फॉर्म भरा. 'हँड इट इन', म्हणजे तो जमा करा. 'हँड देम आउट', म्हणजे ते सगळ्यांना वाटा. 'पिक हर अप', म्हणजे तिला घेऊन या. 'कॉल मी बॅक', म्हणजे मला परत फोन करा. यातला 'मी' म्हणजे आपला 'मला', एवढं ध्यानात ठेवा.

काही जोड्या मात्र मध्ये कुणालाच बसू देत नाहीत. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. तिला सांभाळ, हे 'लुक आफ्टर हर' असंच होतं. 'लुक फॉर इट' म्हणजे ते शोध. 'वेट फॉर मी' म्हणजे माझी वाट पाहा. अशा जोड्या ऐकून ऐकूनच पाठ होतात.

यातून कामाची गोष्ट एक. शेपूट पुष्कळदा वाक्याच्या अगदी शेवटी येतं. 'हँड इट' एवढं ऐकून थांबलात, तर फॉर्म जमा करायचा की वाटायचा ते कळणार नाही. म्हणून वाक्य संपेपर्यंत थांबा.

मोबाईलवरही शेपूट वाचूनच बोट लावा. 'साइन अप' म्हणजे नवं खातं उघडणं, 'साइन इन' म्हणजे असलेल्या खात्यात शिरणं. घरात एकच फोन चौघं वापरत असतील, तर काम झाल्यावर 'लॉग आउट' करा. नुसतं स्क्रीन बंद केलं म्हणजे आपण खात्यातून बाहेर आलो असं नसतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या एखाद्या कागदावरची, पाकिटावरची किंवा मोबाईलवरची एक जोडी लिहून आणा. वाचता येत नसेल, तर लेकीला, सुनेला विचारा. दहा जणींच्या दहा जोड्या झाल्या, तर गटाची आपली छोटी वही तयार होईल. बचतीच्या वहीशेजारी तीही ठेवू.