भेदरलेलं पिल्लू



कुंभकोणमहून चेन्नईच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चोळपुरम् येतं. कावेरीच्या पाण्यावरचा हा भाताचा मुलूख. भात आला की उंदीर आले, आणि उंदरांमागोमाग धामण आणि नागही आलेच. जवळच तिरुनागेश्वरम्ला सापांशी नातं सांगणाऱ्या राहूच्या देवळात दुधाच्या अभिषेकासाठी लांबलांबून माणसं येतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, तेव्हापासून या भागात मराठी घरंही आहेत. अशाच एका घरात माझी मावसबहीण नांदते. तिच्या लेकानं कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं. कॉर्न स्नेक म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नारिंगी-तांबड्या ठिपक्यांचा बिनविषारी साप.

भाच्याची तक्रार अशी, ‘मामा, हा फार रागीट निघाला. हात घातला रे घातला की चावायलाच धावतो. शेपूट तर सारखी थरथरवतो.’

आपल्याकडे साप डूख धरतो असं म्हणतात, त्यामुळे सापाचा राग आपल्याला लगेच पटतो. पण पिल्लाच्या बाजूनं बघा. अंडी घातल्यावर आई निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा लांबीला जेमतेम वीतभर ते फूटभर आणि पेन्सिलीहून बारीक. पक्षी, मांजर, दुसरे साप, सगळ्यांनाच तो घास. वरून काहीतरी झेपावलं म्हणजे मरण आलं, एवढंच त्याला उपजत ठाऊक असतं. आपण झाकण काढतो आणि नेमका वरूनच हात घालतो!

मग ते मानेचा इंग्रजी एस करतं. शेपटीचं टोक थरथरवतं. रानात वाळल्या पानांवर ही थरथर चांगली खुळखुळते, आणि ज्या भागात शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी रॅटल स्नेक राहतात तिथं असा आवाज ऐकून शत्रू बिचकत असेल, तर नवल नाही. एवढ्यानं भागलं नाही तर ते तोंडानं धडक मारतं, हातावर घाणेरडा वास सोडतं. चावलंच तर सुईनं ओरखडल्यासारखं होतं, साबणानं हात धुतला की झालं. आपल्याकडचा तस्कर सापही छेडल्यावर असाच मानेची वळणं घालतो, शेपूट थरथरवतो. यात राग कुठंच नाही. पळायला जागा नाही म्हणून केलेली ही सोंगं आहेत.

बहिणीकडे गेलो तेव्हा मी आधी डबा कुठं ठेवलाय ते पाहिलं. स्वयंपाकघरात, कडाप्प्याच्या ओट्यावर, इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरला लागून! तमिळनाडूत घराघरांत हा दगडी वाट्याचा ग्राइंडर असतो, आणि एकदा लावला की अर्धा-पाऊण तास घरघरतो. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतली कंपनं त्याच्या खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत जातात. ओटा थरथरतो तेव्हा पिल्लाचं सगळं जगच थरथरत असतं. आणि डबा आरपार दिसणारा, आत लपायला काही नाही. बहीण म्हणाली, ‘अरे, दिसायला नको का? त्यासाठीच तर आणलाय.’ हौस आपली, आणि जीव त्याचा.

डबा आतल्या खोलीत नेला, तीन बाजूंना कागद लावला. आत नारळाच्या दोन करवंट्या पालथ्या ठेवल्या, दारापुरतं भोक पाडून. एक ऊबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर ऊब की आडोसा, असा पेच पिल्लापुढे पडतो.

उबेचंही सांगितलं पाहिजे. पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. ती सांगतात, डब्याखाली हीटिंग पॅड लावा, ऊबदार बाजूला 28 ते 30 अंश राखा. चोळपुरम्ला मे महिन्यात अडचण उलटी. तिथं थंड बाजू आणायची कुठून? साप रात्रभर काचेला नाक घासत फिरतो, आणि घरचे म्हणतात, किती खेळकर आहे! तो गारवा शोधत असतो. आधी थर्मामीटर लावा, पॅडचं नंतर बघू.

नवीन पिल्लू आणलं की आठवडाभर हात लावू नका. पाणी बदला, बाकी विसरा. नंतर केस न आलेलं उंदराचं पिल्लू पाच ते सात दिवसांनी एक. त्यावर दोन दिवस पुन्हा हात नाही, नाहीतर ओकून टाकतं. डोळ्यांवर दुधी निळसर झाक आली तर कात टाकायची वेळ जवळ आली आहे. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून जास्तच बिचकतं, खातही नाही. घ्यायचं झालं तर बाजूनं, पोटाखालून, दोन मिनिटं. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे येत असतील, तर मात्र भीती समजून बसू नका. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठा. आणि दूध कधीच नको.

हे सगळं परदेशी सापाबद्दल. शेतातली धामण धरून बरणीत ठेवली, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांचेही नियम बदलत असतात, तेव्हा पैसे मोजण्याआधी वनखात्यात विचारलेलं बरं.

निघताना भाच्यानं विचारलं, ‘मामा, नाहीच जमलं तर कोल्लिडम नदीच्या काठी सोडून देऊ?’ मुळीच नाही. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर हे साप मूळचे नव्हते. माणसांबरोबर आले आणि तिथं त्यांनी बस्तान बसवलं. कावेरीच्या खोऱ्यात उंदरांना तोटा नाही. हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो, तेव्हा पाळायचा तर तेवढी वर्षं पाळायचा, आणि नाही जमलं तर जाणत्या माणसाच्याच हाती द्यायचा. भाचा तेव्हा अकरावीत होता. त्यानं बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि आईकडे बघितलं. ती म्हणाली, ‘माझ्याकडे बघू नकोस.’