सामाईक विहीर



भाऊबंदकी म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांस आम्ही सांगावयास नको. बांधाचा दावा कोर्टात वर्षानुवर्षे चालतो. तरी सामाईक विहिरीचा गाळ काढावयाची वेळ आली, की दोन्ही घरांतून वर्गणी येते. संघराज्यातील राज्यांचे सहकार्यही याच जातीचे असते.

उदाहरण दाराशीच आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. त्याच्या भांडवलात केंद्राचा वाटा शेकडा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ असा ठरला. त्यांतील केरळचा वाटा विशेष विचारार्ह आहे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरांपैकी हातभर रूळही केरळच्या भूमीवर नाही. परंतु मुंबईची वाट आखूड झाली, की लाभ त्याचाही होता.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे तर विचारूच नका! सीमाप्रश्न १९५६ पासूनचा; २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला. तरीही दोघे या कामात भागीदार झाले. दावा कोणीच सोडला नाही. रुळांपुरता तो बाजूस ठेवला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठा वाद झाला, काम अडले. तरी २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला.

घटनेच्या २६३ व्या कलमाखालील आंतरराज्य परिषदही १९९० सालचीच. २०१६ पर्यंत तिच्या बैठका भरल्या अवघ्या अकरा! कारण उघड आहे. रेल्वेत काम नेमके होते, वाटा आकड्यांत होता आणि पैसे देणाऱ्यास संचालक मंडळावर जागा होती. सद्भावना हवीच, पण तिला हिशेबाच्या वहीचा आधार लागतो.

हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. दुपदरीकरणास लागणारा पैसा महामंडळाच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे, ही अटही रास्तच. परंतु नाव राहिले आणि चार राज्यांनी एकत्र बसून हिशेब करण्याची जागा गेली, तर आपण काय राखले? दावे तर चालूच राहणार. म्हणून मते मागावयास येणाऱ्यांस आपण एवढेच विचारावे : पुढची सामाईक विहीर कोठे खणणार?