शिट्टीचा धडा



दहावीत सरांनी आगगाडीच्या शिट्टीवरून डॉप्लर परिणाम शिकवला. जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरलेला. मला तो पुन्हा भेटला १९८५ साली, बंगालच्या उपसागरात, मालवाहू जहाजावर.

तीन रात्री आभाळ भरलेलं. सेक्स्टंटला एक तारा मिळेना. भिस्त ट्रान्झिटवर, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या अमेरिकेच्या छोट्या उपग्रहांवर. एक पंधरा-वीस मिनिटांत निघून जाई, मग पुढच्याची तासन्‌तास वाट. (आजच्या मोबाइलवाल्यांना हे पटणार नाही!)

१९५७ मध्ये ग्वायर आणि वायफेनबाख यांनी स्पुटनिकच्या बदलत्या सुरावरून त्याची कक्षा काढली. फ्रँक मॅक्लूर यांनी हिशेब उलटवला: कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा कळेल. १९६० मध्ये पहिला ट्रान्झिट कक्षेत गेला.

पहाटे तीनला आमच्या यंत्राने आकडे दिले. आम्ही अंदाजापेक्षा आठ मैल किनाऱ्याकडे सरकलो होतो. कॅप्टनसाहेबांना उठवलं, दिशा बदलली.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. त्या तासाला मी मागच्या बाकावर झोपलो होतो. धडा मी नंतर बाळूच्या वहीतून उतरवला.