अतिथिसंविभाग आणि आपण



श्रावकाच्या बारा व्रतांतील अखेरचे व्रत अतिथिसंविभाग. त्यात प्रथम मान साधु-साध्वींचा, हे खरेच. परंतु त्यातून अंगी बाणणारा आदरभाव दारी येणाऱ्या प्रत्येकास लाभावा.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी क्रमांक ३० ते ३४ ही आपली जैन लेणी. १९८३ पासून हे स्थळ जागतिक वारसा आहे. तरीही अनेक प्रवासी सोळाव्या कैलास लेण्यापासूनच परत फिरतात. उत्तर टोकाकडील इंद्रसभेची वाट त्यांना आपुलकीने दाखविणारे कोणी भेटत नाही.

रिक्षाचालक, मार्गदर्शक, उपाहारगृहातील सेवक आणि आम्ही व्यापारी यांनी मनावर घेतल्यास हे चित्र पालटेल. वाजवी भाडे, गाळलेले पाणी, मंगळवारी लेणी बंद असल्याची आगाऊ सूचना, एवढ्यानेही परका माणूस आपला होतो. अनोळखी पाहून जादा दाम घेणे अचौर्य व्रतास बाधक आहे. कापडाचे माप पुरे दिले की गिऱ्हाईक पुन्हा पेढी चढते; तीर्थाचेही तसेच आहे.

ट्रस्टने पन्नास वर्षे जपलेला सेवाभाव आपण बाजारपेठेतही आचरावा, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र!