एक फुटाची ‘विक्रांत’

आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ आता पाहायला मिळायची नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती नौदलात दाखल झाली, १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय होऊन उभी राहिली आणि २०१४ पासून मोडीत निघाली. खेड्यातल्या मुलांना ती दाखवायची, तर प्रतिकृतीच करायला हवी.

प्रमाण १:७०० घ्या. मूळ जहाज ७०० फूट लांब, म्हणजे तुमची नौका बरोबर एक फुटाची. तिच्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे खरे ७० सेंटिमीटर. खलाशी अडीच मिलिमीटरांचाही भरत नाही. गुरुजी, हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्या. त्रैराशिक एरवी इतके गोड लागत नाही!

नौकेचे धड बाल्साचे. हे दक्षिण अमेरिकेतले लाकूड नखानेही दबते, ब्लेडने कापता येते. पाण्याखालचा भाग सोडूनच द्या. पातळ फळ्या एकावर एक चिकटवा, वर नकाशा डकवा आणि आकार द्या. बाल्सा न मिळाला तर सावंतवाडीची खेळणी ज्याची होत, तो हलका पांगारा पाहा. मात्र रंगाची घाई नको. लाकडाची छिद्रे लुकणाने बुजवून, घासून, पुन्हा बुजवावी लागतात. नाहीतर पोलादी जहाजावर लाकडाच्या रेषा दिसतात, आणि सारा डौल जातो.

तोफा, होड्या, विमाने साच्यातल्या प्लॅस्टिकची मिळतात. ती चौकटीतून ओढून तोडू नका, कापा. सांध्याची रेघ खरवडा. प्लॅस्टिकचा डिंक प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, लाकडाला तो धरत नाही. तिथे दोन नळ्यांचा डिंक घ्या. साच्याला एक मर्यादा आहे. पाच सेंटिमीटर जाडीचा नळ या प्रमाणात केसाएवढा होतो, तेवढे बारीक साच्यातून निघत नाही. मग उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरून मऊ झाली की ज्योतीबाहेर ताणायची; तिचा दोरा होतो. हे काम मोठ्यांनीच करावे.

आणि साल आधी ठरवा. पुढचा चढता उतार सी-हॅरियर विमानांसाठी १९८०च्या दशकात बसवला. १९७१ ची ‘विक्रांत’ करणार असाल तर डेक सपाट हवा, आणि त्यावर सी-हॉक विमाने, प्रत्येक पावणेदोन सेंटिमीटरांची. ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझारवर गेली ती हीच. एक-दोघांचे पंख मिटलेले ठेवा. जहाजावर जागा कमी, तिथे ती तशीच ठेवीत.