बंद घरांचा जिल्हा



खेड्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या आणि कारभार हा विषय वसंतातल्या सायंकाळी ऐकावयास जरा रुक्षच. म्हणून आकडे थोडेच देऊ. जे देऊ ते मात्र आपण घरी घेऊन जावेत, एवढी विनंती आहे.

उदाहरणासाठी आम्ही रत्नागिरी जिल्हा घेतला आहे. २००१ च्या जनगणनेत येथे १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत सुमारे ८२ हजार माणसे कमी झाली. याच काळात महाराष्ट्राची वस्ती शेकडा १६ ने वाढली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. कोणती साथ आली नव्हती, की दुष्काळ पडला नव्हता. जन्माचे प्रमाण उतरले हे एक कारण. पण मोठे कारण दुसऱ्या आकड्यात आहे. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. पुरुष मुंबईस गेला, पुष्कळदा बायकोमुलेही मागाहून गेली, आणि म्हातारी तेवढी घर राखीत राहिली.

आता शिरगणती केव्हा झाली तेही पाहा. २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. गणपती होऊन गेलेले आणि शिमगा यावयाचा, अशा दिवसांत चाकरमानी शहरात असतो. गणती करणाऱ्याने जे पाहिले ते खरेच लिहिले. पण दाराला कुलूप असले तरी त्या घराची वाट, विहीर आणि छप्पर गावातच असते.

येथून कारभाराची अडचण सुरू होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि विकासाची कामे लोकांच्या हाती आली; ही मोठी गोष्ट झाली. परंतु पैसा वाटताना डोकी मोजली जातात. चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा निधी राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला शंभरात ९० आणि क्षेत्रफळाला १० एवढे वजन दिले. देशावरच्या एकगठ्ठा गावाला हा हिशेब सोसतो. कोकणातले गाव डोंगरउतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेले असते. एका वाडीतून दुसरीत जावयाचे तर वहाळ ओलांडावा लागतो. प्रत्येक वाडीस पाखाडी हवी, साकव हवा, पाण्याची नळी हवी. निम्मी माणसे गेली म्हणून साकव निम्मा बांधून चालत नाही. शाळेचेही तेच: पट उतरला की शाळा बंद करण्याची भाषा निघते, शाळा गेली की उरलेले तरुण बिऱ्हाडही मुलांसाठी शहर गाठते, आणि पुढच्या गणतीत गाव आणखी लहान दिसते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की अशा जिल्ह्यात माणसांबरोबर वाड्या आणि अंतरेही मोजावीत, आणि निधीच्या वाटणीत त्यांना वजन द्यावे. २०२१ ची जनगणना त्या साली झाली नाही; त्यामुळे जुन्याच आकड्यांवर पुष्कळ वर्षे कारभार चालला. नव्या आकड्यांबरोबर वाटणीची रीतही तपासावी.

पण सगळा भार सरकारवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. या सभेत गावी घर असलेली मंडळी पुष्कळ असतील. ग्रामपंचायतीची घरपट्टी माणसांवर नसते, घरावर असते; कुलूप लावले म्हणून ती चुकत नाही. आपण ती वेळेवर भरतो काय? गणपतीस गावी गेल्यावर आरतीस सारे जमतात. त्यातला एक तास सरपंचाजवळ बसून पंचायतीचा जमाखर्च पाहण्यास देतो काय? वर्षाचे उरलेले दिवस त्याच पाखाडीवरून पाण्याची कळशी नेणारी म्हातारी आपलीच कोणीतरी असते. तिच्यासाठी एवढे करावे, असे सांगून आम्ही आपली रजा घेतो.